शंभर, पण कशाचे?

मागच्या अंकात मी एका वाक्यात लिहून गेले की एमबी (मेगाबाइट) हे साठ्याचं माप आहे आणि एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) हे वेगाचं, दोन्हींची सरमिसळ करू नका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचे फोन, जोडता जोडता खात्याची परीक्षा दिली आणि नोकरीची शेवटची वीस वर्षं ट्रान्समिशनच्या खोलीत काढली. एका मापातला वेग दुसऱ्या मापात बसवायचा, हेच तिथलं रोजचं काम. त्यामुळे या विषयावर कुणी विचारलं की मला दोन ओळींत उत्तर देऊन थांबवत नाही. पत्रांमधली नावं काढून फक्त गावं ठेवली आहेत.

सेलूहून एक दुकानदार लिहितात:

"ताई, म्या ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलंय. १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. फाईल उतरवायला लावली की संगणकावर अकरा पॉइंट काहीतरी दिसतंय, बारा कधी ओलांडतच नाही. स्पीड टेस्ट लावली की तेच ९४ दाखवायलंय. दोघातलं खोटं कोण बोलायलंय? भांडायला जावं का?"

दादा, खोटं कुणीच बोलत नाही. भांडायला जाण्याआधी वही काढा.

कनेक्शन विकणारा बिटमध्ये मोजतो, आणि तुमचा संगणक फाईल उतरवताना बाइटमध्ये मोजतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक, इतकीच माहिती. असे आठ बिट मिळून एक बाइट. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान लिपीतला बी काढतात आणि बाइटसाठी मोठ्या लिपीतला. बोलताना आपण दोघांनाही 'एमबी'च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. तुमच्या गावाचंच उदाहरण घ्या. मोबाईलवर 'सेलू' असं टाइप केलं तर स, त्याची मात्रा, ल आणि त्याचा उकार अशी चार चिन्हं होतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे 'सेलू' झालं १२ बाइटांचं, ९६ बिटांचं. तुमच्या १०० एमबीपीएसच्या लाईनवरून एका सेकंदात ते नाव दहा लाख वेळा जाऊ शकतं.

आता १०० ला आठने भागा. साडेबारा येतात. मग अकरा पॉइंट काहीतरी का दिसतं? मोंढ्यात सोयाबीन घातलं की काट्यावर पोत्याचं वजन धरून आकडा येतो आणि बारदाना वजा करून पैसे मिळतात, तसंच इथे आहे. फाईल तारेवरून सुटी जात नाही, पॅकेटांत बांधून जाते. एका भरलेल्या पॅकेटमध्ये तुमच्या फाईलचे १४६० बाइट असतात. पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधलं सोडलेलं अंतर धरलं की तारेवर जागा जाते १५३८ बाइटांची. १४६० भागिले १५३८ म्हणजे जवळजवळ ९५ टक्के. शंभरातले ९५ एमबीपीएस तुमच्या हाती लागतात. स्पीड टेस्टमध्ये ९४ दिसतात ते यामुळेच, आणि त्यालाच आठने भागलं की ११.८ च्या जवळ येता. दोन्ही आकडे एकाच वेगाचे आहेत.

तरी तुमच्या पत्रातल्या ९४ वर माझं बोट अडलं. बिल काढून बघा, प्लॅन खरंच १०० चाच आहे ना? कारण ९४ हा आकडा आणखी एका कारणाने येतो. राउटरपासून संगणकापर्यंत जी केबल येते तिच्यात आठ बारीक तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात. त्यापुढे, हजारापर्यंत जायचं तर आठही लागतात. एखादी तार तुटली किंवा बसवणाऱ्याने चारच जोडल्या, की यंत्रं आपसात बोलून १०० वर येऊन थांबतात आणि कुठलाही दिवा लाल होत नाही. आमच्या घरी २०० चा प्लॅन होता आणि चार महिने ९४ येत होते. दोनदा माणूस आला, राउटर बदलून गेला. शेवटी मी स्वतः प्लग काढून भिंगाखाली धरला, तर निळी आणि तपकिरी जोडी आत पोचलेलीच नव्हती. चाळीस रुपयांचे दोन प्लग आणून नवीन बसवले. चार महिन्यांचे पैसे तर गेलेच, पण त्याहून मला हे लागलं की आलेल्या माणसाने ९४ हा आकडा पाहिला आणि त्याला काहीच सुचलं नाही. ट्रान्समिशनच्या कामात असा गोल आकड्याच्या जरा खाली अडकलेला वेग दिसला की आधी जोडणी तपासायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

उदगीरच्या एक शिक्षिका लिहितात:

"मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. जुन्या पुस्तकात २ एमबीपीएसची लाईन म्हणजे २०४८ केबीपीएस असं दिलं होतं. त्यावरून मी वर्गात १ एमबीपीएस बरोबर १०२४ केबीपीएस असं शिकवलं. एका मुलीने हात वर करून विचारलं की भौतिकशास्त्रात मेगा म्हणजे दहा लाख, मग इथे वेगळं का? मी तिला गप्प केलं. घरी आल्यावर ते मनातून जात नाही. कोण बरोबर?"

मॅडम, मुलगी बरोबर आहे. उद्या वर्गात सगळ्यांसमोर तिला सांगा, ती आयुष्यभर विसरणार नाही.

वेगाच्या मापात किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे १०,००,०००, गिगा म्हणजे १०० कोटी. यात कुठेही १०२४ येत नाही. पण तुमची चूक मला अगदी आपली वाटते, कारण त्या २०४८ ने माझ्यासमोर कितीतरी नवे इंजिनिअर फसलेले आहेत. हा आकडा दिसतो संगणकाचा आणि आहे टेलिफोनचा. त्याचा जन्म सांगते.

टेलिफोनवर माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात पाठवतात, जरा मोकळी जागा ठेवून ४००० धरतात. आवाजाचे आकडे करायचे तर सर्वात वरच्या कंपनाच्या दुपटीने नमुने घ्यावे लागतात, म्हणून सेकंदाला ८००० नमुने. प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा. ८००० गुणिले ८, झाले ६४,०००. एका बोलण्याला ६४ केबीपीएस. आता एका तारेच्या जोडीवरून एकच बोलणं पाठवणं परवडत नाही, म्हणून वेळेचे ३२ खण केले. ३० खणांत ३० बोलणी. शून्य क्रमांकाचा खण दोन्ही टोकांचा ताल जुळवायला. सोळाव्या खणात कुणी फोन उचलला, कुणी ठेवला, कोणता नंबर फिरवला याची खबर. ३२ गुणिले ६४ करा, २०४८ येतात. हे २०४८ किलोबिट म्हणजे २.०४८ मेगाबिट, बरोबर दोन मेगाबिट नव्हेत. एक्स्चेंजमध्ये आम्ही सोयीसाठी 'टू एमबी' म्हणायचो, किंवा नुसतं पीसीएम. "नांदेडकडचं एक पीसीएम पडलंय" म्हटलं की तीस बोलणी एकदम तुटली हे सगळ्यांना कळायचं. पुस्तक लिहिणाऱ्याने बोलीतलं 'टू एमबी' आणि कागदावरचं २०४८ एका ओळीत बरोबरीचं चिन्ह देऊन मांडलं, आणि तुम्ही त्याला दोनाने भागलंत.

तपासून बघायचं असेल तर अमेरिकेचा आकडा घ्या. त्यांनी २४ खण केले. २४ गुणिले ६४ होतात १५३६, आणि ताल जुळवायला वरचे ८. म्हणजे १५४४ केबीपीएस, ते लिहितात १.५४४ एमबीपीएस. इथे १०२४ ने भागून बघा, काही जमत नाही. आपण युरोपची पद्धत घेतली म्हणून आपल्याकडे ३२ आले, आणि ३२ हा दोनाचा घात निघाल्यामुळे ही फसगत झाली.

पुढचे आकडे तर आणखी चमत्कारिक दिसतात, पण तेही याच घरातले आहेत. चार पीसीएम एकत्र केली तर ८१९२ केबीपीएस व्हायला हवेत, असतात ८४४८. चार ठिकाणांहून आलेली चार घड्याळं केसाएवढी मागेपुढे असतात, त्यांना सांभाळून घ्यायला आणि ताल ठेवायला वरचे बिट लागतात. पुढची पायरी ३४.३६८ एमबीपीएस, त्यापुढची १३९.२६४. फायबर आल्यावर नवी पद्धत आली, तिची पहिली पायरी १५५.५२ एमबीपीएस. ती अशी: ९ ओळी आणि २७० रकाने, म्हणजे २४३० बाइटांची चौकट, सेकंदाला ८००० वेळा. २४३० गुणिले ८ गुणिले ८००० केलंत की १५,५५,२०,००० येतील. ते ८००० म्हणजे पुन्हा आवाजाचे नमुने, बरं का. एका चौकटीत ६३ पीसीएम बसतात, १८९० बोलणी. परभणीच्या खोलीत असं पहिलं कपाट बसलं तेव्हा मी ते गुणाकार डायरीत करून ठेवले होते, ती डायरी आजही आहे. ट्रंक बोर्डावर एक कॉल लावायला लोकांना तासन् तास थांबायला लावणाऱ्या माझ्यासारख्या ऑपरेटरला १८९० या आकड्याने किती आनंद झाला असेल, ते मी लिहून दाखवू शकत नाही.

मग १०२४ कुठून आला? तो साठ्याच्या घरचा. संगणकाची मेमरी दोनाच्या पटीत वाढते, दोनाचा दहावा घात १०२४, तो हजाराच्या जवळ पडला म्हणून लोकांनी त्यालाही किलो म्हटलं. माझे आजोबा मानवतला जिनिंगमध्ये मुनीम होते. तेव्हा आपल्याकडे निजामाचा हाली रुपया आणि रेल्वेतून येणारा इंग्रजी कलदार रुपया, दोन्ही चालायचे. दोघांचं नाव रुपयाच, पण सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळायचे. आजोबांच्या वहीत प्रत्येक रकमेपुढे 'हा' किंवा 'क' असे. ते अक्षर लिहायचं राहिलं तर मालक सबंध पान पुन्हा लिहायला लावीत. किलोचंही तसंच झालं. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. दुकानात ती अजून कुणी म्हणत नाही, म्हणून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकाला लावला की तो ५९.६ दाखवतो आणि लोक दुकानदाराशी भांडतात. पेनड्राइव्हवाला हाली मोजतो आणि संगणक कलदार. शाळेच्या परीक्षेपुरतं एवढं पक्कं करा: सेकंद आला की १०००.

गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावाहून एक शेतकरी:

"मॅडम, रोजचा दीड जीबी दुपारलाच संपतोय. मग मेसेज येतो, आता ६४ केबीपीएसनं चालंल. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं, त्याचे फोटो पाठवायचे व्हते, तर फोटो जाईनाच. ६४ म्हंजी नक्की किती? आन् दीड जीबी जातो कुठं?"

भाऊ, तुम्ही नाथसागराच्या खालचे. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. धरणातून पाणी सोडलं की बातमीत दोन आकडे येतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट, आणि टीएमसी म्हणजे एकूण किती, शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. एमबीपीएस हे तुमचं क्युसेक आणि जीबी हे तुमचं टीएमसी. वेळेने गुणल्याशिवाय एकातून दुसऱ्यात जाता येत नाही.

दिवसात ८६,४०० सेकंद. १ एमबीपीएसची धार दिवसभर चालू ठेवली तर ८६,४०० गुणिले दहा लाख बिट, त्याला आठने भागा, १०.८ जीबी. हा १०.८ चा आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या टेबलावर तो वर्षानुवर्षं काचेखाली होता.

आता तुमचा दीड जीबी. व्हिडिओ जरा स्वच्छ दिसायला साधारण ४ एमबीपीएस ओढतो. दीड जीबी म्हणजे १२०० कोटी बिट, भागिले ४० लाख, ३००० सेकंद. पन्नास मिनिटांत खलास. तोच व्हिडिओ चित्राचा दर्जा उतरवून १ एमबीपीएसवर बघितलात तर तीन तास वीस मिनिटं पुरेल. घरातलं पोर दुपारी काय बघतं ते एकदा शेजारी बसून पाहा, रागावू नका, फक्त दर्जा खाली आणून द्या.

आणि ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तुमच्या मोबाईलचा एक फोटो ३ एमबीचा असेल तर त्याला ३७५ सेकंद, सव्वासहा मिनिटं, तीही रेंज मध्ये न तुटता. म्हणून जात नव्हता. फोटो पाठवण्याआधी मोबाईलमध्येच त्याचा आकार कमी करून ३०० केबीवर आणा, अडतीस सेकंदांत जाईल. मूळ फोटो पुसू नका, पंचनाम्याला लागेल. सगळ्यात बरं म्हणजे असे फोटो सकाळी पाठवायचे, दीड जीबी भरलेला असताना.

या ६४ वरून एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेला आम्ही ६४ केबीपीएसची लीज लाईन, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी राखलेली भाड्याची लाईन, दिली होती. रोज सकाळी मुख्य कार्यालयातून साधारण २० एमबीची फाईल यायची, ती पूर्ण उतरल्याशिवाय खिडकी उघडत नसे. यंत्रणा बसवणाऱ्या माणसाने कागदावर हिशोब केला होता: २० एमबी, सेकंदाला ६४ केबी, पाच मिनिटं बारा सेकंद. म्हणून त्याने फाईल सुटायची वेळ पावणेदहाची ठेवली. प्रत्यक्षात फाईल साडेदहालाही पूर्ण होत नव्हती. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं पायरीवर उन्हात बसून, आणि आत सगळे म्हणत की टेलिफोनवाल्यांची लाईन खराब. मी मीटर घेऊन गेले. लाईन स्वच्छ, एक बिट चुकत नव्हता. दुपारी तो कागद मागून घेतला तेव्हा दिसलं की आठचा गुणाकार राहिला आहे. पाच मिनिटांच्या जागी बेचाळीस. आम्ही फाईलची वेळ पहाटे चारची केली, एक रुपया खर्च न होता काम झालं. पण त्याआधी तीन महिने ती माणसं उन्हात बसली होती. लहान बी आणि मोठा बी यांतला फरक मला तेव्हापासून पुस्तकातला वाटत नाही.

लातूरच्या मोंढ्यातून एक आडते विचारतात:

"दुकानात आणि गोदामात मिळून आठ कॅमेरे आहेत. बसवणारा म्हणतो २ टीबीच्या डिस्कमध्ये पंधरा दिवसांचं चित्रण राहील. खरं का?"

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट, म्हणून आकडा असतो तो बघा. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या कागदावर तो २०४८ केबीपीएस दिसतो, म्हणजे मोटामोटी २ एमबीपीएस. आठ कॅमेरे, १६ एमबीपीएस. गुणिले १०.८, दिवसाला १७२.८ जीबी. २००० जीबीला त्याने भागा, साडेअकरा दिवस भरतात. पंधरा नाही. बिटरेट प्रत्येकी १५०० केबीपीएस केलात तर दिवसाला १२९.६ जीबी, मग पंधरा दिवस काठावर बसतात. पण गोदामाच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा दर्जा कमी करू नका, गाडीचा नंबर वाचता यायला हवा. मी तुमच्या जागी असते तर ४ टीबीची डिस्क घेतली असती. आणि घरी बसून मोबाईलवर आठही कॅमेरे बघणार असाल तर दुकानातल्या कनेक्शनचा अपलोडचा वेग १६ च्या वर आहे ना, हे विचारून घ्या. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा डाउनलोडचा.

हिंगोलीहून एका विद्यार्थ्याचा एका ओळीचा प्रश्न: "ब्रॉडबँड म्हणायला कमीत कमी किती वेग लागतो?"

सरकारी व्याख्या आतापर्यंत दोनदा बदलली. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस, २०२३ पासून २ एमबीपीएस. बाइटमध्ये सांगायचं तर सेकंदाला ३२ किलोबाइटपासून २५० किलोबाइटपर्यंत. स्पर्धा परीक्षेत विचारला तर वर्षासकट लिहा.

शेवटचं पत्र नांदेडच्या एका आजोबांचं, वहीच्या पानावर शाईने लिहिलेलं:

"मी तारखात्यात टेलिप्रिंटरवर होतो. आमची लाईन ५० बॉडची. नातू म्हणतो, बॉड म्हणजेच बीपीएस, आणि माझं आता १०० एमबीपीएस आहे. हे खरं का, आणि त्याची लाईन आमच्या लाईनच्या किती पट? निवृत्तीच्या दिवशी आणलेली छिद्रांची पट्टी अजून माझ्या पेटीत आहे."

काका, तुमच्या लाईनपुरतं नातवाचं खरं आहे. बॉड म्हणजे तारेवर सेकंदाला किती ठोके पडतात, फ्रान्सच्या एमिल बोदो यांच्या नावावरून आलेलं माप. तुमच्या यंत्रात एका ठोक्यात एकच बिट जाई, म्हणून ५० बॉड म्हणजे ५० बिट प्रति सेकंद. एका अक्षराला पाच ठोके मजकुराचे, एक सुरुवातीचा, दीड थांबण्याचा, मिळून साडेसात. ५० ला साडेसातने भागलं की सेकंदाला पावणेसात अक्षरांच्या आत, मिनिटाला ४००. शब्द आणि मोकळी जागा मिळून सहा अक्षरं धरली तर ६६ शब्द. तुम्ही पत्रात 'मिनिटाला पासष्ट-सहासष्ट' लिहिलंय, हाताला अजून आठवतंय म्हणायचं.

पुढे मोडेम, म्हणजे संगणकाचे बिट टेलिफोनच्या तारेवरून पाठवणारी यंत्रं, आले आणि बॉड व बिट वेगळे झाले. ठोका तोच, पण त्याचं बळ आणि वळण सोळा तऱ्हांनी बदलता येऊ लागलं, म्हणजे एका ठोक्यात चार बिट. २४०० बॉडच्या लाईनवर ९६०० बिट. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ केबीपीएस होता, तो हाच. नातवाला सांगा की तिथून पुढे बॉडला बीपीएस म्हणणं चूक.

किती पट, ते सोपं आहे. १० कोटी भागिले ५०. तुमच्यासारख्या २० लाख लाईनी त्याच्या एका फायबरमध्ये.

आणि ती पट्टी, जिच्यावर भोकांच्या रूपात मजकूर असतो. तिचा फोटो मला जरूर पाठवा. उजेडासमोर धरून काढा. मधोमध जी बारीक भोकांची रांग आहे, जिच्यात दातेरी चाक बसायचं, ती दिसू द्या. तिच्या एका बाजूला दोन भोकांची जागा आणि दुसऱ्या बाजूला तीन भोकांची, त्यावरून पट्टी सुलटी आहे की उलटी ते मला कळेल. गेवराईच्या भाऊंना सांगितलं तसं आकार कमी करू नका, फोटो नातवाच्या लाईनवरून मूळ आकारातच येऊ द्या. मजकूर मी घरी बसून अक्षर-अक्षर लावते.